स्वस्त सुगंध आणि त्याची किंमत

मागील अंकानंतर एका भगिनीचे पत्र आले. सुनेने दहा लहान बाटल्यांचा संच आणि सोबत वाफ सोडणारे विजेचे यंत्र मागविले. त्याची किंमत ऐकून या बाईंना घेरी आली. ‘हीच तेले घरखर्चात बसतील अशी कोठे मिळतात आणि त्यांतली खरोखर लागतात किती?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. उत्तर तितकेच सरळ द्यावयाचे तर, तीन बाटल्या पुरतात आणि यंत्र लागत नाही. मात्र एका गोष्टीविषयी मला अधिक सविस्तर लिहावयाचे आहे. ती पुढे येईल.

‘इसेन्शियल ऑइल’ या शब्दात तेल आहे म्हणून आपण फसतो. तिळाचे वा खोबरेल तेल कागदावर पडले की डाग राहतो. ही सुगंधी तेले मात्र उडून जातात आणि कागदावर तेलकट डाग मागे ठेवत नाहीत. दुकानातून आणलेल्या बाटलीत गोडे तेल मिसळले आहे काय, हे पाहण्याची घरगुती रीतही हीच. पानाफुलांतून वाफ खेळवावी, ती थंड करावी आणि पाण्यावर तरंगणारा थर वेगळा काढावा, अशी ही साधी ऊर्ध्वपातनाची क्रिया आहे. शेकडो पाने एका लहान बाटलीत कोंडलेली असतात, हे मनात ठेवावे; पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

किमतीचे गणितही याच क्रियेत दडलेले आहे. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे ‘शुद्ध गुलाबतेल’ अशी चिठ्ठी लावलेली शंभर रुपयांची बाटली म्हणजे कृत्रिम सुवास होय, याविषयी शंका नको. ती वाईट असेलच असे नाही, परंतु ती गुलाब नव्हे. याउलट नीलगिरी, गवती चहा, सिट्रोनेला, पुदिना ही भराभर वाढणारी, भरपूर पिकणारी झाडे. यांची तेले स्वस्त असतात ती लबाडीने नव्हे, तर स्वभावाने. पुदिन्याच्या तेलात तर आपला देश जगात अग्रेसर आहे. उत्तर प्रदेशातील बाराबंकीकडे शेतेच्या शेते मेंथाची असतात.

आपल्याकडचेही एक तेल होते, त्याची आठवण आता कोणास राहिलेली नाही. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याला रोशा गवत उगवते. त्याचे तेल भट्ट्यांवर काढून मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जात असे. त्याचा वास गुलाबासारखा, म्हणून तिकडे ते गुलाबतेलात भेसळीसाठी वापरीत! आपल्या माळरानावरचे गवत परदेशी जाऊन गुलाब होत असे, याचे मला अजूनही हसू येते. धुळे-नंदुरबारकडच्या जुन्या घरांत सांधे चोळण्यासाठी रोशाची बाटली असे. मिळाले तर अवश्य घ्यावे.

आता त्या तीन बाटल्या. पहिली नीलगिरीची. फरशी पुसण्याच्या पाण्यात थेट टाकू नये, कारण ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. आधी चमचाभर द्रव साबणात पाच-सहा थेंब घोटावेत आणि मग बादलीत मिसळावेत. बरण्यांवरील चिठ्ठ्यांचा चिकट गोंद या तेलाच्या बोळ्याने सहज निघतो, हा तिचा मला सर्वांत आवडलेला उपयोग. दुसरी गवती चहाची. दिवाळीतील साधी मातीची पणती घ्यावी, तिच्यात चार थेंब सोडावेत. माती तेल शोषून घेते आणि खोलीत हळूहळू सुगंध सोडते. हेच गरिबाचे यंत्र. तिसरी लवंगेची. दाढ ठणकू लागली की अर्धा चमचा तिळाच्या तेलात एक थेंब मिसळून कापसाने टेकवावे. तेवढ्याने ठणका बधिर होतो, कीड मात्र जात नाही. दंतवैद्याकडे जाणे टळत नाही. निव्वळ लवंगतेल हिरडीला लावू नये, हिरडी भाजते.

अंगाला लावण्याचे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. एक चमचा खोबरेल तेलाला एक थेंब, म्हणजे साधारण शंभरास एक. धडधाकट प्रौढास दोन थेंब चालतील. त्याहून अधिक नको आणि आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. गवती चहाचे तेल तसेच लावले तर नाजूक कातडीवर पुरळ उठते. दम्याचा रुग्ण घरी असेल तर पणतीही नको. गर्भवती स्त्रीने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून काही वापरू नये. पोटात घेण्याचा प्रश्नच नाही, मग बाटलीवर ‘शुद्ध’ लिहिलेले असो की ‘नैसर्गिक’.

आता ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या नातवाला खोकला झाला होता. रात्री दोन वाजता सून उठली, दिवा न लावता कपाटातून बाटली काढली, चमचा भरला आणि मुलाच्या ओठांजवळ नेला. तेवढ्यात वास आला. ती खोकल्याच्या औषधाची बाटली नव्हती, नीलगिरीची होती. दोन्ही तपकिरी, दोन्ही एकाच उंचीच्या, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवणारी मीच. सुनेला त्या दिवशी सर्दी नव्हती म्हणून तिचा हात थांबला. घरातील बाकी आम्ही सारे नाक चोंदून झोपलो होतो.

एक चमचाभर नीलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर गुंगी येते, झटके येतात, श्वास मंदावतो. कापराचेही तसेच, देवघरातील कापराची वडी मुलाला खडीसाखरेसारखी दिसते, आणि ती त्याच्या हाताच्या उंचीवर असते. तान्ह्या मुलाच्या नाकाखाली कापूर वा नीलगिरी चोळण्याची आपल्याकडील रीत मी स्वतः पाळली आहे. ती आता सोडावी, असे मी निःसंकोच सांगते. त्या उग्र वासाने बाळाचा श्वास अडखळू शकतो. आणि कधी मुलाने हे गिळलेच तर मीठपाणी पाजून वांती करवू नये. वांतीतील तेल फुप्फुसात उतरते. बाटली हातात घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे.

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर समभाग एका बाटलीत घातले की तिन्ही घन पदार्थ पाहता पाहता पाणी होतात. हीच आपली अमृतधारा. तिची गंमत मुलांना दाखविण्याचा मोह होतो, परंतु तोच नियम तिलाही लागू. मोठ्यांनी डोके दुखताना कपाळावर एखादे बोट फिरवावे, डोळ्यांपासून दूर.

डासांविषयीही पत्रात विचारले आहे. जीव न घेता डासांना परतविण्यासाठी सिट्रोनेलाचे तेल आपल्या घरांना मनापासून पटते. खोबरेल तेलात मिसळून ते प्रौढांनी हातापायांस लावावे. परंतु त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो आणि डेंग्यूच्या दिवसांत एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मच्छरदाणी लावावी, कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी साचण्याआधीच काढावे. पाणी साचलेच नाही तर अळ्याही होत नाहीत, आणि त्या मारण्याची वेळही येत नाही.

आमच्या घरी आता या तिन्ही बाटल्या औषधांच्या कपाटात नसतात. स्वयंपाकघरापासून दूर, कारण ही तेले चटकन पेट घेतात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्या असतात. पेटीला कुलूप आहे. नातू आता सहा वर्षांचा झाला असून किल्ली कोठे असते हे त्याला माहीत आहे, म्हणून गेल्या आठवड्यात मी ती जागा बदलली.