वेगळा सोहळा, पण कोणापासून वेगळा?

पदवीदानाच्या काळात होणाऱ्या कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी, पहिल्या पिढीतील पदवीधर अशा गटांच्या स्वतंत्र सोहळ्यांना यापुढे पैसा आणि जागा देणार नाही, असे हार्वर्ड विद्यापीठाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. त्याआधी १४ फेब्रुवारीला अमेरिकेच्या शिक्षण खात्याने विद्यापीठांना पाठवलेल्या पत्रात अशा सोहळ्यांचा उल्लेख वांशिक विभाजनाचा नमुना म्हणून आला होता. खरे तर मुख्य समारंभ सोडून कोणी वेगळे बसत नव्हते. तो सगळ्यांसोबत होतच होता. हा त्याच्या जोडीला होता, ज्याला यावेसे वाटेल त्याच्यासाठी.

हा सूर आपल्याला नवा नाही. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी आपल्या पदवीधरांचा सत्कार ठेवला की प्रश्न ठरलेला असतो : शिक्षणात जात कशाला आणता? ब्राह्मण सभा, मराठा मंडळे, व्यापारी समाजांची मंडळे दरवर्षी आपापल्या गुणवंतांना शाल-श्रीफळ देतात, त्याचे फोटो छापून येतात, आणि तेव्हा हा प्रश्न कोणालाच सुचत नाही. एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहात कसे बाजूला पडतात, हे थोरात समितीने २००७ मध्ये लिहून दिले. त्या वेगळेपणावर किती अग्रलेख आले होते?

पण अमेरिकेतला वाद जसाच्या तसा उचलून आपले काम भागणार नाही. कारण तिथे निदान एक सामाईक समारंभ आहे. आपल्याकडे तो आहे का?

जबलपूर जिल्ह्यातला कुंडम घ्या. आदिवासीबहुल तालुका, गोंडांची मोठी वस्ती. जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठ आहे, १९५६ मध्ये स्थापन झालेले, आणि १९८३ पासून त्याला नाव आहे गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतींचे. विद्यापीठाला नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मराठवाड्यात १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत त्यासाठी किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे या स्तंभाच्या वाचकाला सांगायला नको. मात्र नाव फाटकावर लागते. आतल्या मंचावर कोण चढते, हा पुढचा प्रश्न.

आपल्या बहुतेक राज्य विद्यापीठांत दीक्षान्त समारंभात मंचावर बोलावतात ते सुवर्णपदकवाल्यांना आणि पीएचडीवाल्यांना. साध्या बीए-बीकॉमवाल्याची पदवी अर्ज भरून, शुल्क भरून, खिडकीवर किंवा टपालाने मिळते. समजा, कुंडमच्या एखाद्या गोंड घरातली पहिली मुलगी बीए झाली. तिचे नाव कुठल्याही सभागृहात कोणी मोठ्याने उच्चारणार नाही. ज्या आईने मजुरी करून तिचे बसभाडे भरले, त्या आईला टाळी वाजवायला जागाच नाही. आणि शिष्यवृत्ती अडकली असेल, तर फी थकली म्हणून कागदपत्रे अडवणारी महाविद्यालयेही काही कमी नाहीत. अशा मुलीचा गावात सत्कार झाला, तर तो कोणापासून वेगळा झाला? सामाईक असे काही तिच्या वाट्याला आलेलेच नाही.

बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचा सत्कार शाळेने केला नव्हता. वस्तीतल्या माणसांनी सभा घेतली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. या दोघांपैकी कोणीही महार समाजाचे नव्हते. म्हणजे सभा समाजाची होती, पण दार लावून घेतलेले नव्हते. ‘वेगळे’ म्हणजे ‘बंद’ असे धरून चालणाऱ्यांनी हा तपशील नीट वाचावा. आपल्यातल्याही काहींनी वाचावा.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. याच केळुसकरांनी नंतर शब्द टाकला, आणि सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळून बाबासाहेबांचे बीए पुरे झाले. बोल्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्याच ठरावाच्या आधारे १९२७ ला महाड घडले. हाराची फुले दुसऱ्या दिवशी सुकली असतील. त्या सभेला आलेली माणसे मात्र पुढे कामाला आली.

आज आपले सत्कार तसे राहिले आहेत का? खरे सांगायचे तर पुष्कळ ठिकाणी नाहीत. मंचावर नगरसेवक नाहीतर निवडणुकीचा इच्छुक, फलकावर त्याचा चेहरा विद्यार्थ्यांपेक्षा मोठा, दोन तास भाषणे, आणि शेवटी घाईघाईत पन्नास मुलांना एकेक स्मृतिचिन्ह. मुलगी ते घेऊन घरी जाते आणि एमएच्या प्रवेशाची मुदत कधी संपते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. विरोधकांनी या सोहळ्यांवर विभाजनाचा आरोप करावा, तो टिकत नाही. पण ते पोकळ होत चालले आहेत, हा आरोप आपणच आपल्यावर करायला हवा.

विद्यापीठालाही यातून सुटका देऊ नये. ‘तुमचा सोहळा तुम्ही करता ना’ असे म्हणून हात झटकणे त्याला फार सोयीचे आहे. संलग्न महाविद्यालयांत, तालुक्याच्या ठिकाणी पदवीवाटप झाले पाहिजे. प्रत्येक पदवीधराचे नाव तिथे पुकारले गेले पाहिजे, आई-वडिलांना खुर्ची मिळाली पाहिजे, आणि शासनाकडून यायच्या शिष्यवृत्तीपायी एकाचीही पदवी अडता कामा नये. ही मागणी विद्यापीठाकडेच करायची आहे. समाजाच्या सत्काराने ती फिटत नाही.

आणि समाजाचा सत्कारही व्हावाच. २४ जून हा राणी दुर्गावतींचा बलिदान दिवस. १५६४ मध्ये त्या जबलपूरजवळ नर्रईला मोगल फौजेशी लढताना गेल्या. हे दिवस निकालांचे आणि प्रवेशांचेही असतात. त्या दिवशी कुंडममध्ये मंडप घालावा. भाषणाला दहा मिनिटे, पुढाऱ्याला पहिली रांग नाही. पदवीधराचे नाव त्याच्या आईने किंवा वडिलांनी माइकवर घ्यावे, गोंडीत, हिंदीत, जसे जमेल तसे. कडेला चार टेबले लावावीत : एकावर पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज, एकावर शिष्यवृत्तीचे, एकावर जातीच्या दाखल्याची अडलेली प्रकरणे, आणि चौथ्यावर गेल्या वर्षीचे पदवीधर, बारावीच्या मुलांशी बोलायला. बाहेरचे कोणी आले तर त्यांनाही बसायला सतरंजी द्यावी.