चेन्नईचे सहा किलोमीटर

दूरसंचाराच्या राजकारणात चर्चा होते ती स्पेक्ट्रमच्या लिलावाची, कारण तेथे हजारो कोटींचे आकडे असतात. तंत्रज्ञानाची मानके कोण ठरवतो, हा प्रश्न संचार भवनाबाहेर क्वचितच येतो. वास्तविक लिलाव काही दिवसांत उरकतो. मानक मात्र पुढची दहा-पंधरा वर्षे स्वामित्वशुल्काच्या रूपाने देशाच्या खिशात हात घालीत राहते. या संदर्भात चेन्नईत जे घडले ते राजधानीतील अधिकारीवर्गाने नीट पाहावे असे आहे.

आयआयटी मद्रासमधील मंडळी या क्षेत्रात नवखी नव्हती. प्रा. अशोक झुनझुनवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ‘कॉरडेक्ट’ ही स्वस्त बिनतारी दूरध्वनी प्रणाली उभी केली. पण तिचा पाया युरोपने लिहिलेल्या ‘डेक्ट’ या मानकाचा होता. नियम परक्यांचे, कसब आपले. २०१४ मध्ये ‘टीएसडीएसआय’ ही भारतीय दूरसंचार मानक संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ती ‘थ्रीजीपीपी’ या जागतिक मंचाची भागीदार बनली. तेव्हा कोठे नियम लिहिण्याची वाट मोकळी झाली.

पाचव्या पिढीच्या चाचण्यांत ‘ग्रामीण’ भाग म्हणजे दोन मनोऱ्यांमध्ये १७३२ मीटर अंतर, असे गृहीत होते. भारतात प्रकाशतंतू न्यायचा तो ग्रामपंचायतीपर्यंत. वाड्या-पाडे तिच्याभोवती दोन-तीन किलोमीटरांत विखुरलेले. मनोरा एकच, तोही पंचायतीपाशी. तेव्हा अंतर ६ किलोमीटर धरूनही चाचणी घ्या, असा आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात धरला आणि ती अट पाचव्या पिढीच्या मूल्यमापनात सक्तीची झाली. या साऱ्या प्रकरणातील खरा विजय हाच, जरी त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही.

गाजावाजा झाला तो ‘फाइव्ह-जी-आय’चा. आयआयटी मद्रास, तेथीलच ‘सेविट’ हे बिनतारी तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी हैदराबाद यांनी विकसित केलेल्या या भारतीय मानकाला २०२० च्या अखेरीस संघाची मान्यता मिळाली. मात्र देशातील दूरसंचार कंपन्या बिथरल्या. वेगळे मानक म्हणजे वेगळी यंत्रसामग्री, वेगळे फोन आणि वाढीव खर्च, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा गाभा थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेण्याचे ठरले. याला माघार म्हणणे सोपे आहे. पण स्वतंत्र मानकाचा स्वतंत्र फोन मेळघाटातील माणसाला महागच पडला असता. जागतिक मानकात शिरलेले तंत्र मात्र कोणत्याही कंपनीच्या फोनमधून त्याच्यापर्यंत पोहोचू शकते.

प्रश्न आहे तो माणसांचा. थ्रीजीपीपीचे निर्णय शक्यतो एकमताने होतात. वर्षातून अनेकदा, आठवडा-आठवडा चालणाऱ्या बैठकांत शेकडो निबंध येतात आणि बहुतेक गोष्टी चहाच्या सुट्टीत ठरतात. तेथे वजन पडते ते दहा वर्षे त्याच विषयावर बसणाऱ्याचे. चिनी, कोरियन, युरोपीय कंपन्या अशी माणसे पोसतात. या बैठकांत भारतीय चेहरे कमी नसतात. परंतु त्यांतील पुष्कळ जण परदेशी कंपन्यांच्या वतीने बोलतात. आपल्याकडे अधिकारी विषय समजू लागतो न लागतो तोच त्याची बदली होते आणि प्राध्यापकाच्या परदेश प्रवासाची फाइल बैठक उलटल्यावर मंजूर होते.

विकसनशील देशांची ही अडचण संघाने २००२ च्या माराकेश परिषदेतच ओळखली होती. मानकीकरणातील दरी बुजवण्याच्या ठरावातून प्रशिक्षणवर्ग व शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यातून कार्यपद्धती कळते. वाटाघाटीचा मुरलेपणा येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाची मानकीकरण परिषद दिल्लीत भरली. यजमानपद उत्तम पार पडले, पण ते दहा-बारा दिवसांचे काम होते.

सहाव्या पिढीचा आराखडा संघाने २०२३ मध्ये मंजूर केला. दुर्गम भागासह सर्वत्र जोडणी हा विषय त्यात आल्याचे श्रेय दूरसंचार विभाग घेतो. त्याचे तपशील २०३० पर्यंत ठरायचे आहेत. तोवर चेन्नई, हैदराबाद आणि पवईतील निवडक अभियंत्यांना एक अख्खी पिढी याच कामावर ठेवण्याची तरतूद विभागाने करावी, त्यांच्याबरोबरच्या अधिकाऱ्यांना बदल्यांतून वगळावे आणि नेपाळ किंवा आफ्रिकी देशांच्या प्रतिनिधींनाही त्यांच्यासोबत बसवावे. विखुरलेली गावे त्यांच्याकडेही आहेत, आणि एकमताच्या सभेत सहा किलोमीटरची बाजू मांडायला अशा देशांची साथ लागेल.