राखणदाराची काठी नव्हे, राखणीची विद्या

गावगाड्यात वेशीची राखण वेसकराकडे असे. गाव सुखाने झोपावे म्हणून तो जागा राही आणि त्याचे घर मात्र वेशीबाहेर. पुढे ब्रिटिश लष्करात आपल्या पूर्वजांना शस्त्राबरोबर अक्षरही मिळाले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली आणि शिक्षणाची ती वाटही बुजली. भरतीचे दार कोणासाठी उघडते, यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते.

आजची वेस संगणकाच्या जाळ्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. या नव्या भरतीत वसतिगृहातील आपली मुले-मुली कोठे असतील? केवळ माहिती भरणाऱ्या कारकुनाच्या खुर्चीवर, की हल्ला ओळखून तो परतवणाऱ्यांच्या पंक्तीत?

डॉ. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाची मागणी केली होती. केवळ कला आणि कायदा या शाखांवर समाजाचे भागणार नाही, ही त्यांची दृष्टी होती. तिचा आजचा अर्थ आपण लावला पाहिजे.

यासाठी निवासी शाळेइतकी योग्य जागा नाही. सायंकाळचे दोन तास आपल्या हातात असतात. आठवीपासून निवड करावी. पण गुणपत्रिका पाहून नव्हे, तर कोडे सुटेपर्यंत न उठणारी चिकाटी पाहून. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य असून जुन्या संगणकावरही चालते. नेटवर्क, प्रोग्रॅमिंग, गणित आणि इंग्रजी यांचा पाया येथेच घालता येईल. प्रथम दहावी तरी होऊ द्या, असे काही हितचिंतक म्हणतील. परंतु पाया उशिरा घातला, की महागड्या प्रमाणपत्रांच्या बाजारात आपल्याच पालकांची लूट होते.

कुलूप कसे उघडते, हे जाणणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातील दुसरे शील आपली मुले रोज म्हणतात. प्रज्ञेला शीलाची जोड देणारे हे शिक्षण ज्यांच्या वाट्याला येईल, ते या वेशीचे राखणदार होतील. आणि या वेळी वेशीच्या आत, सन्मानाने.