वीकेंड गॅरेज : पद्मिनी, उठतेस ना?

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी असतेच. भिंतीकडे तोंड, चारही टायर बसलेले, कव्हरच्या चिंध्या, आणि टपावर मांजरीचा कायमचा मुक्काम. नवा भाडेकरू विचारतो, 'ही कुणाची हो?' वॉचमन नुसतं दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतो. तुम्ही रोज सकाळी लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर टाकून तिच्या शेजारूनच रिव्हर्स घेता. तुमच्या गाडीचा सेन्सर टीं-टीं करतो, लॉगिनला उशीर झालेला असतो, आणि तिच्याकडे बघायला वेळ कुणाला आहे बॉस?

तर या आठवड्यात बघूया. कुणाची मारुती ८०० असेल, कुणाची ओम्नी. आपली आजची हिरॉइन आहे प्रीमियर पद्मिनी. थोडी कुंडली आधी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडायला लागली, आणि सत्तरच्या दशकात तिचंच बारसं झालं पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव! १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून मात्र ती पुढेही धावत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस हा चॅप्टर क्लोज. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकले. कव्हरखालच्या पद्मिनी आहेत तिथेच राहिल्या.

त्यातलीच एक ठाण्यात. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबांची, १९८८ ची, क्रीम कलरची. २०१३ पर्यंत बाबा दर रविवारी मंडईत न्यायचे. मग गुडघे, मग मोतीबिंदू, आणि गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका. गाडी उभीच. आता सोसायटीचं पत्र आलंय : बंद वाहनं तीन महिन्यांत हलवा, पार्किंगला जागा नाही. भंगारवाला येऊन टपावर दोन टिचक्या मारून आकडाही सांगून गेला. आई म्हणते, दे. बाबा काहीच म्हणत नाहीत, आणि तोच प्रॉब्लेम आहे. मैत्रिणीच्या डोक्यावर फ्लॅटचा ईएमआय, हातात बारा वीकेंड. त्यातले दोन तर अप्रेझलने खाल्ले.

आता मुद्द्याचं. अशी गाडी दिसली की आपल्यातल्या प्रत्येक हीरोला पहिली आयडिया काय सुचते? दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची आणि चावी फिरवायची. प्लीज, नको! दहा-बारा वर्षं न हललेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. तेल सगळं खाली उतरलेलं, वरचे भाग कोरडे. स्टार्टरने जबरदस्ती केलीत तर रिंग तुटेल, आणि जे काम हजारात होणार होतं ते इंजिन उतरवण्यावर जाईल.

त्याऐवजी आधी चारही प्लग काढा. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा. काही मिस्त्री त्यात थोडं डिझेल मिसळतात, चालतं. मग घरी जा, पिक्चर बघा, झोपा. दोन दिवस काहीही करायचं नाही. नंतर क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूच फिरवून बघा. किंवा सपाट जागा असेल तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवा. फिरलं? अभिनंदन, तुमची गाडी जिवंत आहे. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. ठाण्याच्या बाईसाहेब तिसऱ्या खेपेला हलल्या. मैत्रिणीने मला ऑफिसच्या मीटिंगमधून मेसेज केला, फक्त 'फिरलं!!!', आणि शेजारच्याला वाटलं शेअर मार्केट फिरलं.

जुनं ऑइल चालू करायच्या आधीच बदला, नंतर नाही. फिल्टरही नवा. आणि बॉनेट उघडल्यावर उंदराचं घरटं निघणारच, म्हणून वायरी नीट तपासा. कुरतडलेल्या वायरीवर नवी बॅटरी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पुढची गोष्ट पेट्रोल. बारा वर्षांचं पेट्रोल म्हणजे पेट्रोल राहतच नाही, त्याचा होतो चिकट, आंबूस वासाचा डिंक. टाकी रिकामी करायची, उतरवून गंज धुवायचा. कार्ब्युरेटर उघडला की आत पिवळट खडे दिसतात, आणि पितळेच्या बारक्या जेटची भोकं बुजलेली असतात. इथे तारेचा मोह टाळा. तारेने भोक मोठं झालं की गाडी आयुष्यभर पेट्रोल पीत राहणार. क्लीनरचा स्प्रे, हवेचा प्रेशर आणि पेशन्स, एवढंच लागतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसतो आणि आतला पडदा वर-खाली होऊन पेट्रोल ओढतो. मिस्त्री मंडळी त्याला 'एसी पंप' म्हणतात. त्याचा गारव्याशी काहीही संबंध नाही, गाडीला एसी आहे असं समजून हुरळून जाऊ नका.

या पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलाच. कारण एक नवीन आहे. पद्मिनी बनली तेव्हा पंपावर साधं पेट्रोल मिळायचं. आज तुम्ही भरता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, झिरपायला लागतं. गरम इंजिनवर पेट्रोल झिरपलं तर काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. इथेनॉल चालेल असाच पाइप मागून घ्या. आणि काम करताना आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, शोसाठी नाही.

सामान मिळतं का? मिळतं, पण डिलिव्हरी ॲपवर दहा मिनिटांत नाही. मुंबईकरांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर मारायची, पुणेकरांनी नाना पेठेत. जुना पार्ट खिशात घालून न्या, फोटो पुरत नाही. पद्मिनीचे छोटे-मोठे फरक वर्षागणिक बदललेत, आणि काउंटरवरचे काका पार्ट हातात घेऊन, बोटाने चाचपून सांगतात, 'हे तुमच्या मॉडेलचं नाही.' त्यांच्याशी वाद घालू नका, ते बरोबर असतात. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे सुटे भाग विकले जातायत, ही मला तरी मस्त गोष्ट वाटते.

स्पार्कचं काम त्यामानाने सोपं. पॉईंटवर थर चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, कंडेन्सर नवा टाका, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला तडा नाही ना बघा. प्लगच्या वायरी मात्र क्रमाने : १-३-४-२. आमच्या मैत्रिणीने दोन वायरी अदलाबदल केल्या, आणि कार्ब्युरेटरमधून असा फटाका निघाला की 'ए' विंगच्या सेक्रेटरींनी गॅलरीतून विचारलं, कुणाचं लग्न आहे?

पण खरं सांगू? इंजिन चालू होणं हा या सगळ्यातला ग्लॅमरस भाग आहे, महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा भाग म्हणजे ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागच्या चाकांत लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्याने आतून गंज धरतो, मास्टर सिलिंडरचं आणि व्हील सिलिंडरचं रबर दगड होतं. पेडल कडक लागतंय म्हणून खूश होऊ नका, गंजाने जाम झालेलं पेडलही कडकच लागतं. चारही चाकं उघडा, सगळीकडे नवीन किट, नवीन होज, नवीन ऑइल. यात एक रुपया वाचवू नका. सीट कव्हर पुढच्या दिवाळीला घ्या.

टायरचंही तसंच. गोटे उत्तम दिसतात आणि रबर बिस्किटासारखं झालेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ठाण्याच्या गाडीवर निघालं ३२०९, म्हणजे २००९ चा बत्तिसावा आठवडा. तेव्हा मैत्रीण कॉलेजला होती. पाच टायर आणि एक बॅटरी, एवढ्यातच बिल भंगारवाल्याच्या आकड्याच्या पुढे गेलं. तिच्या नवऱ्याने त्या रात्री एक्सेल शीट उघडली आणि दहा मिनिटांनी न बोलता बंद केली.

आणि हो, गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जायचं नाही. विटाही नको, वीट न सांगता फुटते. लोखंडी स्टँड भाड्याने मिळतात. इंजिन पहिल्यांदा चालू करायचं तेही मोकळ्या हवेत, बेसमेंटमध्ये नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कागदपत्रांचा कंटाळा मलाही येतो, पण एक पॅरा सहन करा. महाराष्ट्रात खासगी गाडीला केवळ वय झालं म्हणून आपोआप बंदी नाही. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते, वर पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी ६०० वरून थेट ५,००० झाली, आणि त्यानंतर २० वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढली. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचे पैसे वेगळे. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, आणि थर्ड पार्टी विमा तर हवाच. 'आपली गाडी व्हिंटेज आहे' असं पार्टीत सांगायला छान वाटतं, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजसाठी ५० वर्षं पूर्ण लागतात. ठाण्याची पद्मिनी त्यात बसेल २०३८ मध्ये. हा सगळा खर्च पाने हातात घ्यायच्या आधी कागदावर मांडा. आणि फ्लोअर कुजून खालचा रस्ता दिसत असेल, चॅसीच गेली असेल, तर सरळ नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या. प्रत्येक गाडी वाचवायची नसते, आणि त्यात कमीपणाही नाही.

दहाव्या वीकेंडला रविवारी सकाळी ट्रायल होती. टाकी अजून जोडलेली नव्हती. गॅरेजवाल्यांची जुनी ट्रिक : पेट्रोलची बाटली उंचावर टांगायची, पाइप थेट कार्ब्युरेटरला. बाबांना खुर्चीवर बसवून खाली आणलं. उजवा हात अजून नीट हलत नाही, बोलणंही तुटक. आधी प्लग काढून नुसतं क्रँक केलं, ऑइलचा लाल दिवा विझला, मग प्लग लावले. चोक ओढला. चावी. काही नाही. पुन्हा. एक खोकला. तिसऱ्यांदा ती उठली, आणि सिलिंडरमधल्या त्या तेलाचा एवढा पांढरा धूर की समोरची विंग दिसेना. पोरं टाळ्या वाजवत होती, मैत्रीण रडत होती, मी व्हिडिओ काढत होते.

बाबा मान तिरकी करून ऐकत होते. म्हणाले, 'टायमिंग... मागे आहे.'

मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर सैल करून किंचित फिरवला. आवाज एकदम गोल झाला. मिस्त्री म्हणाला, 'काका, मान गये.'

मग त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं होतं. इंजिन बंद केलं, दोघांनी धरून बसवलं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, म्हणजे त्यांच्या चांगल्या हाताला. मैत्रिणीने खाली वाकून हाताने क्लच दाबून धरला आणि त्यांनी एकेक करत चारही गिअर टाकून बघितले. मग रिव्हर्स. मग न्यूट्रल. 'तिसरा... थोडा... अडतो,' एवढंच बोलले. आईने त्या दिवशी भंगारवाल्याचा नंबर काही मागितला नाही.

गाडी अजून गेटबाहेर गेलेली नाही. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर झिरपतोय आणि ते होईपर्यंत ती जाणारही नाही, मिस्त्री आणि मी त्यावर ठाम आहोत. नवा सिलिंडर बुधवारी येतोय. नोंदणी संपलेली, म्हणून आरटीओपर्यंत तिला स्वतःच्या चाकांवर नेता येणार नाही. टोइंगवाल्याला शनिवारी सकाळी सातची वेळ दिलीये. सोसायटीची मुदत त्याच्या दुसऱ्या दिवशी संपते.