सतरा सप्टेंबरच्या मागचे आणि पुढचे

कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. आज त्या वळणांवर गाड्या अडकल्या की प्रवासी वैतागतो, आणि ज्या उतारावर तो उभा आहे तिथे एकेकाळी दोन राज्यांची हद्द होती याची त्याला आठवणही नसते. वर निजामाची मोगलाई, खाली इंग्रजी मुलूख. रझाकारीच्या, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या रझाकार टोळ्यांच्या दहशतीच्या, दिवसांत सीमेलगतच्या गावांतली माणसे पोरेबाळे आणि गाठोडी घेऊन रातोरात हद्द ओलांडत. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, तेव्हा चाळीसगावकडून वर आलेल्या तुकडीने कन्नड आणि दौलताबाद ताब्यात घेतले. पाचव्या दिवशी निजाम शरण आला. या मातीला स्वातंत्र्य मिळाले ते देशाला मिळाल्यानंतर तेरा महिन्यांनी. दरवर्षी 17 सप्टेंबरला तहसील कार्यालयापुढे झेंडा चढतो, शाळकरी मुले रांगेत उभी राहतात, मान्यवर हुतात्म्यांना वंदन करतात. हे सारे योग्यच आहे आणि ते होत राहिले पाहिजे.

पण त्या दिवसाच्या मागे जे घडले त्याचा अर्धाच हिशेब मांडला गेला, आणि पुढे जे घडले त्याचा मांडलाच गेला नाही. पंचाहत्तर वर्षे उलटून गेल्यावरही आम्ही हे लिहितो आहोत, कारण ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले ते आता आपल्यातून उठून चालले आहेत.

आधी मागचे. गावावर रझाकार आले म्हणजे काय होत असे, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या घराला सांगावे लागत नाही. गावाने दरमहा रक्कम मोजायची. मोजली तर बरे, नाही तर लूट, आणि विरोध केला तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. गोविंदराव पानसरे 1946 सालीच अर्जापूरला मारले गेले. मे 1948 मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात जे हत्याकांड झाले त्याची आठवण त्या गावाने आजही जपून ठेवली आहे. आम्ही एका वाड्यात गेलो होतो. सोप्यातली एक तुळई अर्धी जळून काळी पडलेली होती. बाकीचा वाडा तीनदा दुरुस्त झाला, पण ती तुळई कोणी बदलली नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी तिच्याकडे बोट दाखवले आणि एवढेच म्हणाल्या, “ही रझाकारीतली.” पुढे त्या बोलल्या नाहीत.

या सगळ्याची शिक्षा कोणाला झाली? रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी. लातूरचा वकील. त्याला अटक झाली, खटले चालले, आणि शिक्षा कायम राहिली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात, सात वर्षांची. 1957 साली तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. निजामाचे पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून 1950 मध्ये निसटले आणि तेही पाकिस्तानात पोचले. ज्यांच्या नावाने हे राज्य चालत होते ते मीर उस्मान अली खान 26 जानेवारी 1950 पासून हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. त्यामागे राजकीय शहाणपण असेलही. राज्य शांतपणे विलीन करून घ्यायचे होते, आणि त्या वेळच्या सरकारपुढच्या अडचणी आम्ही आज इथे बसून हलक्या लेखणार नाही. पण ज्याच्या घराची तुळई जळाली, त्याच्या दारात कोण आला होता, हुकूम कोणाचा होता, पेटते पलिते कोणी आणले, हे कोणत्याही न्यायालयाने त्याच्यासमोर उभे राहून सांगितले नाही.

रझवीच्या माणसांनी जे खून केले त्यांतला एक आम्हां पत्रकारांनी कधीच विसरू नये. शोएबउल्ला खान, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. हैदराबादने भारतात विलीन व्हावे, रझाकारांना आवर घालावा, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये, फौजा येण्याच्या तीनेक आठवडे आधी, रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडला आणि त्यांना ठार केले. मुसलमान रझाकारांनी मारलेला हा मुसलमान संपादक. रझाकारी म्हणजे एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी झगडा, एवढाच अर्थ ज्यांच्या मनात पक्का बसला आहे, त्यांनी हे नाव पुन्हा एकदा वाचावे.

आता पुढचे. या दुसऱ्या भागाला मराठवाड्यात आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, तेही आवाज खाली करून. निजाम शरण आला, रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि नंतरच्या काही आठवड्यांत सूड उगवला गेला तो बहुतेक ठिकाणी ज्यांचा रझाकारीशी संबंध नव्हता अशा लोकांवर. हे काही परक्या पत्रकाराचे म्हणणे नाही. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे नोव्हेंबर–डिसेंबर 1948 मध्ये राज्यातल्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. ज्या गावांत जाता आले नाही अशा शंभराहून अधिक गावांच्या माणसांनाही त्यांनी बोलते केले. रझाकारांचे अत्याचार त्यांनी झाकले नाहीत. खंडणीची जी पद्धत वर लिहिली, ती त्यांच्याही अहवालात आहे. पण पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्या नंतर राज्यात किती माणसे मारली गेली याचा त्यांचा अंदाज, आणि तोही हात राखून केलेला, 27 ते 40 हजारांचा होता. सर्वांत वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची. तिथे मेलेल्यांचा आकडा त्यांनी 18 हजारांच्या खाली धरला नाही. त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत आपल्या औरंगाबादचे नाव आहे. बीड, नलगोंडा आणि मेदक हे बाकीचे तीन. लातुरात हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालली. दहा हजार मुसलमानांच्या वस्तीत समितीला जेमतेम तीन हजार उरलेले दिसले; हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीत भाग घेतला, जमावाला चिथावणी दिली, असेही समितीने स्पष्ट लिहिले. आणि हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याचेही लिहिले; हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना कसे राखले, त्याची नोंद तिथे आहे.

हा अहवाल सरकारने छापला नाही. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेसे वजन दिलेले नाही, असे सरदार पटेलांचे मत होते. तो आक्षेप अहवालासोबत छापता आला असता. वाचणाऱ्याने दोन्ही वाचून ठरवले असते. तसे न होता तो दशकानुदशके कुलपात राहिला आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना मोकळेपणाने पाहायला मिळाला तो 2013 च्या सुमारास. पासष्ट वर्षांत एक पिढी गेली, दुसरी म्हातारी झाली. त्या हत्यांबद्दल कोणावर खटले चालले, कोण तुरुंगात गेले, असे विचारले तर सांगण्याजोगे काही नाही.

त्या जळक्या तुळईसारखाच एक पाण्याचा हंडाही आम्ही पाहिला. तांब्याचा, भरीव काठाचा, माळ्यावर पालथा घातलेला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे; या हंड्यावरही नाव घातलेले होते, उर्दूत. तो ज्या घरात होता त्या घरातल्या कोणालाच उर्दू येत नव्हती. कोणी विश्वासाने ठेवायला दिला होता की त्या दिवसांत उचलून आणला होता, हे आजोबांना माहीत होते आणि आजोबा गेले. नातवाने सांगितले, “आम्ही तो वापरत नाही. मोडीतही घालवत नाही.” जळकी तुळई आणि हा हंडा यांच्यात अंतर असेल पाच-सात कोसांचे. दोन्ही घरे एकाच बाजाराला येतात.

गुन्ह्याचा तपास झाला आणि खटला चालला की गुन्हेगाराला नाव मिळते: अमक्याचा मुलगा, अमुक गावचा, त्याने हे केले. असे झाले की त्याच्या शेजाऱ्याला, त्याच्या जातभाईला, त्याच्या नातवाला मान वर करून चालता येते. खटलाच झाला नाही तर गुन्हा नाहीसा होत नाही. तो आख्ख्या जमातीच्या खात्यावर चढतो. मग सत्तर वर्षांनी निवडणुकीच्या सभेत कोणीतरी ‘रझाकारांची औलाद’ अशी शिवी ज्या पोराला देतो त्याचा आजा कदाचित हातमागावर बसून साड्या विणत होता. आणि दुसऱ्या मोहल्ल्यात कोणीतरी पोलीस ॲक्शनच्या नावाने ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच्या आजीने कदाचित शेजारच्या चार लेकरांना चुलीमागे लपवून वाचवले होते. मे 2018 मध्ये आपल्या जिल्ह्याच्या शहरात दुकाने जळाली, माणसे मेली. मार्च 2023 मध्ये किराडपुऱ्यात पोलिसांच्या गाड्या पेटल्या. त्या रात्रींची तात्कालिक कारणे वेगळी होती, पण दोन्हीकडच्या जमावांच्या तोंडी जुनेच हिशेब होते.

हे हैदराबादपुरतेही राहिले नाही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत 900 माणसे मारली गेली: 575 मुसलमान, 275 हिंदू, बाकीच्यांत ओळख न पटलेले बहुसंख्य. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला गेला, जानेवारी 1996 मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, चारच महिन्यांत पुन्हा नेमावा लागला. फेब्रुवारी 1998 मध्ये त्याने अहवाल दिला आणि 31 पोलिसांवर ठपका ठेवला. मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात 100 जण दोषी ठरले. 257 बळींसाठी तो न्याय हवाच होता. दंगलीच्या खटल्यांचे काय झाले? 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा 253 खटल्यांचा लेखाजोखा समोर होता. 114 प्रकरणांत आरोपी सुटले, 6 मध्ये शिक्षा झाली आणि 97 प्रकरणे थंड बस्त्यात पडून होती. बेपत्ता झालेल्या 168 जणांपैकी 108 जणांच्या घरच्यांपर्यंत भरपाई पोचलेलीच नव्हती. न्यायालयाने ती द्यायला सांगितली, जानेवारी 1999 पासूनच्या व्याजासह. तीस वर्षांनी.

‘जुनी मढी कशाला उकरता?’ हा प्रश्न आम्हांला दोन्हीकडून विचारला जातो. विचारणारे बहुतेक भले लोक असतात. गावात शांतता राहावी एवढीच त्यांची इच्छा असते. पण ती मढी कधी पुरलीच गेली नाहीत. ज्यांचे अंत्यसंस्कार झाले नाहीत, ज्यांची नावे कोणत्या कागदावर नाहीत, ती माणसे दर निवडणुकीला पुन्हा उभी केली जातात, आणि तेव्हा त्यांच्या नावाने बोलायला त्यांच्या घरचे कोणी नसते. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर गावोगाव गवतावर बसून न्याय करण्याची ‘गाचाचा’ न्यायालये भरली. 2012 पर्यंत सुमारे बारा हजार न्यायालयांनी काम केले. त्यांत चुका झाल्या, अन्यायही झाले, त्यांवर टीकाही झाली. तरी ‘माझ्या भावाला कुठे पुरले?’ हा प्रश्न एका शेतकरी बाईला मारेकऱ्यासमोर उभे राहून विचारता आला. आपल्याकडे त्यासाठी आता उशीर झाला आहे. मारणारेही गेले, वाचलेलेही बहुतेक गेले. तुरुंगात कोणाला पाठवा, असे आम्ही म्हणत नाही.

आम्ही मागतो ते एवढेच. सुंदरलाल समितीचा अहवाल राज्य सरकारने मराठीत आणि उर्दूत अधिकृतपणे छापावा. सरदार पटेलांचे आक्षेपही त्याच पुस्तकात घ्यावेत. हैदराबाद राज्याच्या विशेष न्यायाधिकरणांपुढे चाललेल्या मराठवाड्यातल्या खटल्यांचे कागद तेलंगणाच्या पुराभिलेखागारातून प्रती करून आणावेत, आणि त्यांतली उर्दू वाचणारी माणसे नेमावीत. आणखी दहा वर्षांनी ती लिपी सफाईने वाचणारे सरकारी नोकरीत सापडणार नाहीत. 2023 मध्ये मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक भरली, हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. त्यातला कणभर पैसा या कामाला पुरे आहे. आणि तालुक्यातालुक्यांतून, गाववार, मेलेल्यांची यादी व्हावी. रझाकारांनी मारलेले आणि पोलीस ॲक्शनमध्ये मेलेले, दोन्ही. एकाच वहीत.

सरकार हे कधी करील ते करो. 1948 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे. कन्नड, पिशोर, चिकलठाण, देवगाव, घाटाखालची आणि घाटावरची गावे, या सगळ्यांत अशी माणसे अजून आहेत, थोडी आहेत. ज्यांच्या घरात कोणी असेल त्यांनी या 17 सप्टेंबरला ध्वजवंदन करून घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे. नाव, गाव, वय, जमले तर दिवस. सांगणारा रडला तर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. लिहिलेला कागद आमच्या कार्यालयात आणून द्यावा. तो कोणत्या मोहल्ल्यातून आला हे न विचारता आम्ही जपून ठेवू.