गाडी पीयूसीत पास झाली, पण छातीचं काय?

"डॉक्टरसाहेब, गाडी जरा मॉडिफाय केलेली आहे. पीयूसीत पास करायला काय करावं लागेल?"

हा प्रश्न मला गॅरेजमध्ये नाही, माझ्या दवाखान्यात विचारला गेला. गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला दमा आहे. मी त्याची छाती तपासत होतो, आत शिट्टीसारखा आवाज येत होता. गाडी बीएस-४ डिझेल एसयूव्ही. पिकअप वाढावा म्हणून इंजिनचं प्रोग्रॅमिंग बदललेलं, ईजीआर व्हॉल्व्ह बंद केलेला, आवाज यावा म्हणून सायलेन्सर मोकळा. रोज सकाळी ती दारात दहा मिनिटं चालू ठेवायची आणि मुलगा तिथेच शाळेच्या रिक्षाची वाट पाहत उभा! एकाच माणसाच्या या दोन तक्रारी होत्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडत असेल, म्हणून उत्तर इथे स्पष्टच देतो. "पास कशी करू" हा प्रश्नच चुकीचा आहे.

दोन दिवसांचं पथ्य

काही डायबेटीसचे पेशंट तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळतात. भात बंद, गोड बंद. उपाशीपोटीची साखर छान येते आणि गडी खूश होतो. मग मी एचबीए१सी करायला सांगतो. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो आणि चोरी पकडली जाते.

पीयूसी ही उपाशीपोटीची साखर आहे. तिला एचबीए१सी नाही. म्हणून तिथे फसवणं सोपं आहे, आणि फसतो तो मशीनवाला नाही, तुमच्याच घरातला माणूस.

पीयूसी काय मोजते आणि काय नाही

पेट्रोल गाडीत उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारसाठी मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. डिझेल गाडीत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून धूर किती काळा आहे ते पाहतात. बस्स, एवढंच! सातपुड्याचा चढ चढताना किंवा भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना काय बाहेर पडतं, ते कोणी पाहत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर मोजतच नाहीत.

आता गंमत बघा. ईजीआरचं काम थोडा धूर परत इंजिनात फिरवून आतलं तापमान कमी ठेवणं, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. तो बंद केला की काळा धूर उलट कमी दिसू शकतो, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. म्हणजे छेडछाड केलेली गाडी पीयूसीत जास्त चांगले मार्क घेऊ शकते! या त्रुटीचा दोष मी नियम करणाऱ्यांना देतो. पण त्रुटीचा फायदा घेणाऱ्याला निर्दोष म्हणणार नाही.

हीच लबाडी फोक्सवॅगन या मोठ्या कंपनीने केली होती. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर त्यांच्या डिझेल गाड्यांत होतं. २०१५ साली अमेरिकेत ते उघड झालं. मग आपल्या पुण्याच्या एआरएआय संस्थेने इथल्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या आणि कंपनीला भारतातल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा आपण सगळे कंपनीला नावं ठेवत होतो. पीयूसीपुरता मूळ सायलेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी काढणारा याहून वेगळं काय करतो?

शरीरात काय होतं

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरलाही तो कळत नाही, आकडा चांगलाच दिसतो.

नायट्रोजन डायऑक्साइडने श्वासनलिका सुजतात, दमा उसळतो. कडक उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तोही फुप्फुसाला जाळतो. आणि उन्हाची आपल्या खानदेशात काय कमी आहे?

काजळीचे बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले अतिबारीक कण रक्तातही उतरतात. हार्ट अटॅक आणि लकवा यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं.

"केळीचे ट्रक बघा ना डॉक्टर!"

हे उत्तर मला हमखास मिळतं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर दिवसभर ट्रक चालतात, माझ्या एका गाडीने काय होणार?

ट्रकचा धूर वाईटच आहे, त्यांचीही तपासणी कडक व्हायला हवी. हवा खराब असलेल्या शहरांच्या केंद्र सरकारच्या यादीत आपलं जळगाव आहेच. पण विषाचा डोस अंतरावर ठरतो. ट्रक हायवेवर आहे, तुमची गाडी तुमच्या दारात. तिच्या सायलेन्सरची उंची तुमच्या मुलाच्या नाकाच्या जास्त जवळ आहे.

मग करायचं काय?

१. काढलेले भाग परत बसवा : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ईजीआर, डीपीएफ, मूळ सायलेन्सर. इंजिनचं प्रोग्रॅमिंग मूळ करून घ्या. आणि ते तसंच ठेवा.

२. एअर फिल्टर, ऑइल, प्लग, इंजेक्टर तपासून घ्या. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत असेल तर त्याचं कारण शोधा, दिवा झाकू नका.

३. तपासणीआधी पंधरा-वीस मिनिटं गाडी रस्त्यावर चालवा. कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. ही लबाडी नाही, हीच योग्य पद्धत आहे.

४. सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

५. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली का, ते उभं राहून बघा. गाडी न नेता कागद मिळत असेल तर तो घेऊ नका. रक्त न काढता दिलेला रिपोर्ट तुम्ही घ्याल का?

६. दारात गाडी चालू ठेवू नका. आजच्या गाड्यांना दहा मिनिटं गरम करायची गरज नसते.

वैध पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि गाडीतल्या बेकायदा बदलांना वेगळी शिक्षा आहे. पण दंडाची भीती मी घालणार नाही, ते माझं काम नाही.

त्या गृहस्थांना मी एकच सांगितलं : "पंप लिहून देतो, पण अर्धं औषध गॅरेजमध्ये मिळेल." त्यांना ते आवडलं नाही. मुलाने मात्र विचारलं, "मग आवाज येणार नाही का गाडीचा?"

नाही येणार, बाळा. तुझ्या छातीचाही येऊ नये, एवढीच इच्छा आहे.