डोळे उघडे ठेवून टाळ्या

जुलै महिन्यात दातिवऱ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. पावसाळी मासेमारीबंदी असते, वैतरणेच्या खाडीचे पाणी गढूळलेले असते आणि सफाळ्याहून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या सकाळी सायकल दामटणारेही पावसामुळे कमी झालेले असतात. नेमके याच महिन्यात तिकडे ‘टूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची शर्यत रंगते. तिथली दुपार सरत येते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आलेले असतात. पालघर-बोईसर पट्ट्यातला एखादा सायकलवेडा जेवणाचे ताट समोर तसेच ठेवून मोबाइलच्या पडद्यावर आल्प्सचा घाट चढणारे सायकलपटू बघत बसतो. अशा वेळी घरातले कोणीतरी हमखास विचारते, ‘हे सगळे औषधे घेऊनच पळवतात ना? मग बघायचे कशाला?’

प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. सायकल शर्यतीच्या चाहत्याला तो टाळता येत नाही आणि टाळूही नये. कारण या खेळातील उत्तेजकांचा इतिहास हा चार-दोन बदमाशांचा इतिहास नाही. तो शरीरशास्त्राचा, औषधशास्त्राचा आणि चाहत्यांच्या भाबडेपणाचाही इतिहास आहे. यातील शेवटच्या मुद्द्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

तांदुळवाडीचा घाट सायकलने चढून सफाळ्यात उतरलेल्या कोणालाही एक गोष्ट ठाऊक असते. चढावर आधी पाय हरत नाहीत, आधी श्वास हरतो. स्नायूंना लागणारा प्राणवायू रक्तातील तांबड्या पेशी वाहून नेतात आणि जितक्या पेशी जास्त, तितका वेळ पाय तग धरतात. या पेशी किती तयार करायच्या याचा हुकूम मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे एपीओ, हे संप्रेरक हाडांतील मगजाला देत असते. मूत्रपिंड निकामी झाले की हा हुकूम थांबतो आणि रुग्णाला रक्तक्षय होतो. म्हणूनच प्रयोगशाळेत तयार केलेले एपीओ हे डायलिसिसवरील रुग्णांसाठी वरदान ठरले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले आणि थोड्याच काळात सायकलपटूंच्या हाती पोचले. जे औषध आजारी माणसाला उभे करण्यासाठी होते, ते धडधाकट माणसाला घाट चढवण्यासाठी टोचले जाऊ लागले.

त्याची किंमत शरीर मोजते. पुरुषाच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण साधारण चाळीस ते पन्नास टक्के असते. ते त्याच्या वर ढकलले की रक्त घट्ट होते, हृदयावरचा ताण वाढतो आणि गुठळी होण्याचा धोकाही. मुरलेल्या सायकलपटूची नाडी झोपेत अगदी मंद चालते. त्यात घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असेल, तर असे दाट रक्त जिवावर बेतू शकते. त्या काळी एपीओ ओळखणारी चाचणीच नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९७ मध्ये पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढे प्रमाण गेले तर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ खेळाडूला काही दिवस बाजूला बसवायचे. हा नियम चोरी पकडणारा नव्हता. चोरीला कमाल मर्यादा घालून देणारा होता.

उत्तेजके या खेळात त्याहून जुनी आहेत. १३ जुलै १९६७ रोजी ब्रिटनचा टॉम सिम्पसन मों व्हाँतू या डोंगराच्या चढावर रणरणत्या उन्हात कोसळला आणि मरण पावला. त्याच्या रक्तात अ‍ॅम्फेटामाइन आणि मद्य सापडले. अ‍ॅम्फेटामाइन ताकद देत नाही, थकव्याची जाणीव दडपते. आता थांब, असे शरीर सांगत असते आणि ते सांगणे मेंदूपर्यंत पोचतच नाही. १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या मसाज करणाऱ्या कर्मचाऱ्याची गाडी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर अडवली गेली, तेव्हा तीत एपीओच्या शेकडो मात्रा निघाल्या. त्या वर्षी टूरला निघालेल्या १८९ सायकलपटूंपैकी केवळ ९६ जण पॅरिसला पोचले. बाकीच्यांपैकी अनेकांचे संघ हाकलले गेले किंवा पोलिसी छाप्यांच्या निषेधार्थ निघून गेले.

आणि मग आला लान्स आर्मस्ट्राँग. १९९६ मध्ये वृषणाचा कर्करोग मेंदू आणि फुप्फुसांपर्यंत पसरलेला. १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूरचा विजेता. जगभरातील रुग्णांनी त्याच्या नावाची पिवळी पट्टी मनगटावर बांधली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. त्या सात वर्षांच्या यादीत विजेत्याची जागा आजही रिकामी आहे.

या प्रकरणाचा धडा मात्र बहुतेकांनी अर्धवटच घेतला. आर्मस्ट्राँगला प्रयोगशाळेतील चाचणीने पकडले नाही. त्याच्याविरुद्ध अमेरिकी यंत्रणेने उभे केलेले प्रकरण २६ जणांच्या साक्षीवर उभे होते आणि त्यात १५ सायकलपटू होते. याचा अर्थ अनेकांना अनेक वर्षे सारे ठाऊक होते. मग कोणी बोलले का नाही? बोलले होते. १९९९ च्या टूरमध्ये ख्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटू वृत्तपत्रातील सदरातून उत्तेजकांविषयी लिहीत होता. आर्मस्ट्राँगने भर शर्यतीत त्याला दटावले, सहकाऱ्यांनी वाळीत टाकले आणि शेवटी तो शर्यत सोडून घरी गेला. ज्या पत्रकारांनी शंका घेतली, ज्या माजी कर्मचाऱ्यांनी तोंड उघडले, त्यांच्यामागे खटले लागले. आणि या साऱ्यांना मत्सरी, कडवट ठरवणाऱ्यांत चाहते आघाडीवर होते. खोटे टिकले ते केवळ सिरिंजच्या जोरावर नव्हे. ते टिकावे अशी लाखो लोकांची इच्छा होती.

म्हणून ‘तरीही बघायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कसे बघायचे’ यात आहे. चाहता असणे हा गुन्हा नाही. चाहता म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणे, हा मात्र गुन्ह्यातला सहभाग आहे.

इथे एक भेदही ध्यानात ठेवायला हवा. आर्मस्ट्राँगची विजेतेपदे खोटी होती. त्याचे बरे होणे खोटे नव्हते. सिस्प्लॅटिन या औषधावर आधारलेल्या केमोथेरपीने वृषणाचा कर्करोग पसरलेल्या अवस्थेतही बरा होऊ शकतो, हे विज्ञान त्याच्या आधीही खरे होते आणि आजही आहे. ज्या रुग्णाने त्याच्याकडे पाहून उपचार पूर्ण केले, त्याची फसवणूक झाली नाही. नायक पडला म्हणून त्याच्याभोवतीचे सारेच फेकून द्यायचे नसते. काय टिकते आणि काय नाही, हे निवडायचे असते.

आजचे काय? २००८ पासून सायकलिंगमध्ये ‘जैविक पासपोर्ट’ आहे. यात एखादे औषध शोधत बसण्याऐवजी खेळाडूच्या रक्ताचा वर्षानुवर्षांचा आलेख ठेवला जातो. हिमोग्लोबिन किती, नव्या कोवळ्या तांबड्या पेशी किती, हे मोजले जाते. बाहेरून रक्त चढवले की शरीर स्वतःच्या पेशी बनवणे कमी करते. एपीओ टोचले की कोवळ्या पेशी एकदम वाढतात. औषध निघून गेले तरी त्याच्या पाऊलखुणा आलेखात उरतात. शिवाय नमुने दहा वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतात. १९९८ च्या टूरचे नमुने २००४ मध्ये तपासले गेले आणि त्या शर्यतीचा विजेता मार्को पांतानी याच्या नमुन्यात एपीओ होते, हे फ्रेंच सिनेटच्या २०१३ मधील अहवालातून जगाला कळले. तोवर पांतानी जगात नव्हता.

पण यंत्रणा सुधारली म्हणून शंका संपत नाही. जुलै २०२४ मध्ये तादेय पोगाचारने प्लातो द बेय हा चढ पांतानीच्या १९९८ मधील वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केला. पोगाचार कोणत्याही चाचणीत दोषी आढळलेला नाही. हलक्या आणि वारा कापणाऱ्या सायकली, तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पचवण्याचा सराव, उंचावरील प्रशिक्षण, अशी वेग वाढण्याची खरी कारणेही आहेत. तरीही पूर्वी फसलेल्या चाहत्याच्या मनात पाल चुकचुकणारच. कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला हा वायू किती घातक हे सांगावे लागत नाही. तो तांबड्या पेशींतील प्राणवायूची जागा अडवतो. पण मोजक्या मात्रेत वारंवार हुंगला तर प्राणवायू कमी पडतोय असे समजून शरीर जादा पेशी बनवू लागते. काही संघ रक्ताच्या मोजमापासाठी हा वायू वापरतात हे उघड झाल्यावर असे वारंवार हुंगण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून सायकलिंगमध्ये बंदी आली. विज्ञानाची वाट आणि चोरवाट अशा एकमेकींना चिकटून जातात.

हे सारे युरोपातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणायची सोय आता नाही. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’च्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाचा राजा कोण, हे पाहायला उभी राहणारी गर्दी आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तिच्या नातवंडांना आता हा खेळ करिअर म्हणून खुणावू लागेल. आणि उत्तेजकांच्या बाबतीत आपले घर स्वच्छ नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुन्यांपैकी तब्बल ३.८ टक्के दोषी निघाले. चीन, जर्मनी, फ्रान्स यांसारख्या आपल्यापेक्षा खूप जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी पथक आल्याचे कळताच शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला.

याहून जवळची गोष्ट आपल्या व्यायामशाळांची आणि भरतीच्या मैदानांची. भूल दिल्यावर घसरणारा रक्तदाब सावरण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरायचे मेफेंटरमाइन हे इंजेक्शन दम वाढवण्यासाठी सर्रास विकले जाते. पुणे, सांगली, कोल्हापूर भागांत पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या वेळी उमेदवारांकडे सिरिंज सापडल्याच्याही बातम्या आल्या. पहाटे किनाऱ्यावरच्या वाळूत धावून भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगते, ‘सगळेच घेतात, तू मागे राहशील.’ हेच वाक्य नव्वदच्या दशकात युरोपातल्या सायकलपटूंना सांगितले जात होते. त्या मुलाच्या मागे मात्र संघाचा डॉक्टर नसतो. असते ती मित्राने आणलेली कुपी, अंदाजाने भरलेली मात्रा आणि मग धडधडणारे हृदय, चढलेला रक्तदाब, उडालेली झोप, भ्रम आणि हळूहळू जडणारे व्यसन.

चाहत्याची जबाबदारी इथे सुरू होते. घरात, कट्ट्यावर, सायकल गटात तो काय बोलतो, हे मुले ऐकत असतात. ‘सगळेच चोर’ असे म्हणून तो हसला, तर उत्तेजक हा नियम ठरतो आणि प्रामाणिक खेळाडू मूर्ख. ‘माझा नायक असे करूच शकत नाही’ असे म्हणून तो भांडला, तर पुढच्या बासोंचे तोंड बंद होते. या दोन्हींच्या मधली वाट अवघड असली तरी आहे. निकाल पाहून टाळी वाजवायची, पण तो दहा वर्षे कच्चा मानायचा. शंका घेणाऱ्याला शत्रू समजायचे नाही आणि पुरावा नसताना कोणावर शिक्काही मारायचा नाही. शेवटच्या क्रमांकावर येऊनही वेळेत पोचणाऱ्याचे नाव लक्षात ठेवायचे. आणि स्वतः सायकल चालवत असू तर पाणी, झोप, जेवण आणि सराव यांपलीकडचे काहीही डॉक्टरला विचारल्याशिवाय अंगात घालायचे नाही. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेल्या पूरक पावडरीसुद्धा यातच आल्या, कारण डब्यावर न लिहिलेली बंदी असलेली द्रव्ये अशा पावडरींत अनेकदा सापडली आहेत.

तेव्हा रात्री नऊच्या सुमारास ‘बघायचे कशाला?’ असे कोणी विचारले तर चिडण्याचे कारण नाही. त्याला शेजारी बसवावे आणि जे ठाऊक आहे ते सांगावे: सिम्पसनविषयी, बासोंविषयी, रिकाम्या ठेवलेल्या त्या सात जागांविषयीही. मग दोघांनी मिळून घाट बघावा. पावसाळा सरला की दातिवऱ्याच्या होड्या पाण्यात जातील, रस्ता वाळेल आणि सायकली पुन्हा बाहेर निघतील. त्या वेळी चढावर दम लागला तर उतरून चार पावले चालण्यात कमीपणा नाही, एवढे ऐकणाऱ्या मुलाला समजले तरी त्या रात्रीचे जागरण कारणी लागले.